धांवणाऱ्या क्वार्टरबॅकचें शिक्षण

अमेरिकन फुटबॉलच्या पंडितांमध्यें एक सिद्धान्त इतका रूढ झाला आहे कीं, त्याला पुरावा मागणेंही असभ्यपणाचें ठरावें. तो सिद्धान्त असा: ज्या तरुण क्वार्टरबॅकचे पाय जलद आहेत, त्याला व्यावसायिक संघांत घेतल्याबरोबर प्रथम धांवण्याची खोड विसरावयास लावावी; आणि जागच्या जागीं उभा राहून चेंडू फेकावयास तो शिकेपर्यंत त्याला पुरा क्वार्टरबॅक म्हणूं नये. आमच्या मतें हा सिद्धान्त चुकीचा आहे, आणि ज्या मुलांवर तो चालविला जातो त्यांच्या आयुष्याचा विचार केला, तर नुसता चुकीचा म्हणून सोडून देण्यासारखाही नाहीं. त्यांतही चमत्कार असा कीं, जे प्रशिक्षक आठवडाभर शिष्याला धांवूं नकोस म्हणून उपदेश करितात, तेच रविवारीं सामना हातचा जाऊं लागला कीं सगळा भार त्याच्या पायांवर टाकून मोकळे होतात.

ज्या वाचकांना हा खेळ अपरिचित आहे, त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. (ज्यांचे चिरंजीव किंवा कन्या-जांवई न्यू जर्सींत अथवा टेक्ससमध्यें स्थायिक आहेत, त्यांना नातवंडांकडून हें केव्हांच कळलें असेल, त्यांनीं हा परिच्छेद खुशाल ओलांडावा.) दोन्ही बाजूंस अकरा-अकरा खेळाडू असतात. ज्या पक्षाकडे चेंडू, त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावें लागतें; सरकला तर पुन्हां चार प्रयत्न, न सरकला तर चेंडू दुसऱ्याकडे. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभीं चेंडू ज्याच्या हातांत येतो तो क्वार्टरबॅक. त्यानें तो पुढें गेलेल्या सोबत्याकडे फेकावा, जवळ उभ्या असलेल्या धांवपटूच्या हातीं द्यावा, किंवा स्वतःच घेऊन पळावें. जुन्या आदर्शाप्रमाणें क्वार्टरबॅक हा सेनापति; पांच धिप्पाड सोबत्यांनीं पुढें धरलेल्या कड्याच्या आंत शांतपणें उभा राहून तो मैदान न्याहाळतो आणि चेंडू फेकतो. स्वतः पळणें म्हणजे डाव फसल्यावरची नामुष्की.

आतां साधें गणित पाहावें. क्वार्टरबॅकनें चेंडू धांवपटूला देऊन हात झाडले म्हणजे त्या डावापुरता तो हिशेबांतून गेला; उरलेले नऊ जण वाट मोकळी करण्यास राहतात, आणि प्रतिपक्षाचे मात्र अकराचे अकरा अडविण्यास मोकळे असतात. क्वार्टरबॅक धांवूं शकत असेल तर हा हिशेब फिरतो. कडेच्या एका रक्षकाला मुद्दामच कोणी अडवीत नाहीं. क्वार्टरबॅक चेंडू धांवपटूच्या पोटाशीं धरतो आणि त्या मोकळ्या सोडलेल्या रक्षकावर नजर ठेवतो. रक्षक धांवपटूवर झेपावला तर क्वार्टरबॅक चेंडू काढून घेऊन त्यानेंच सोडलेल्या जागेंतून निसटतो. तो जागीं थांबला तर चेंडू धांवपटूला मिळतो. कोणालाही न गुंतवितां एक शत्रु निकामी झाला! हें करावयास नुसते पाय पुरत नाहींत. अर्ध्या क्षणांत समोरच्या माणसाचा कल ओळखावा लागतो. उभें राहून फेकणाऱ्यानें मैदान वाचलें तर ती बुद्धि, आणि धांवणाऱ्यानें माणूस वाचला तर ती निव्वळ अंगची चपळाई, हा न्याय आम्हांला समजत नाहीं.

कोणी म्हणेल, गणित राहूं द्या, हाडांचें काय? धांवणाऱ्याला मार अधिक बसतो आणि तो लवकर मोडतो. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. परंतु उभा राहणारा तरी कोठें सुरक्षित असतो? टॉम ब्रेडी याच्यावर धांवण्याचा आरोप त्याचा वैरीही करणार नाहीं. तोच ब्रेडी २००८ च्या पहिल्याच सामन्यांत चेंडू फेकतांना गुडघा गमावून बसला आणि तें सबंध वर्ष त्याला खेळतां आलें नाहीं. जो बरो याचा गुडघा २०२० च्या नोव्हेंबरांत असाच कड्याच्या आंत असतांना मोडला. धांवणाऱ्याला निदान येणारा मार दिसत असतो. उभा राहणाऱ्याची दृष्टि दूर मैदानावर लागलेली असते.

या आक्षेपाच्या पुष्टीसाठीं रॉबर्ट ग्रिफिन याचें नांव हटकून घेतलें जातें, म्हणून तें प्रकरण जरा सविस्तर पाहूं. २०१२ सालीं वॉशिंग्टनच्या संघानें या एका मुलासाठीं निवडीच्या पहिल्या फेरीचे तीन हक्क आणि दुसऱ्या फेरीचा एक हक्क सेंट लुईसला देऊन टाकला. पहिल्याच हंगामांत त्यानें २० टचडाउन फेकले, चेंडू अवघा ५ वेळां प्रतिपक्षाच्या हातीं जाऊं दिला, आणि ८१५ यार्ड तो स्वतः धांवला. डिसेंबरांत बाल्टिमोरविरुद्ध धांवतांना त्याचा गुडघा दुखावला. हें आम्ही लपवीत नाहीं. पण पुढें काय झालें? एका सामन्याची विश्रांति देऊन त्याला पुन्हां मैदानावर उभें केलें. ६ जानेवारी २०१३ रोजीं लँडोव्हरच्या मैदानावर सिअॅटलविरुद्ध बाद फेरीच्या सामन्यांत तो लंगडत होता, आणि घरीं बसून पाहणाऱ्यांनाही तें स्पष्ट दिसत होतें. मुख्य प्रशिक्षक माइक शॅनहन यांनीं मुलाच्या शब्दावर भिस्त ठेवून त्याला आंतच राहूं दिलें. चौथ्या सत्रांत तो गुडघा अखेर कोलमडला तो धांवतांना नव्हे, तर वेडावांकडा आलेला चेंडू गोळा करावयास वांकतांना! बावीस वर्षांच्या मुलानें मी खेळतों म्हणावें यांत नवल नाहीं. तें न ऐकण्यासाठींच तर वडीलधारा माणूस ठेवावयाचा असतो. पुढें २०१४ मध्यें नवे प्रशिक्षक आले व त्यांनीं ग्रिफिनला कड्याच्या आंत उभा राहून फेकणारा बनविण्याचा उद्योग मांडला. २०१५ च्या हंगामांत तो एकही सामना खेळला नाहीं. या साऱ्याचें खापर मात्र पायांवर फुटलें.

याच्या उलट बाल्टिमोरमध्यें काय घडलें तें पाहावें. लमार जॅक्सन हा २०१६ सालीं महाविद्यालयीन खेळांतील सर्वश्रेष्ठ म्हणून हाइझमन पारितोषिक मिळविलेला मुलगा. परंतु २०१८ च्या निवडीच्या वेळीं पहिल्या फेरीच्या अगदीं शेवटच्या, म्हणजे ३२ व्या, क्रमांकापर्यंत त्याला कोणी उचललें नाहीं. बिल पोलियन यांच्यासारख्या नामांकित संघचालकांनीं तर त्यानें क्वार्टरबॅकपणाचा नाद सोडून चेंडू झेलणारा व्हावें, असा जाहीर सल्ला दिला. (पुढच्याच वर्षीं आपली चूक त्यांनीं उघडपणें कबूल केली, हें त्यांच्या पदरीं घातलें पाहिजे; इतर कित्येकांनीं तेवढेंही केलें नाहीं.) जो फ्लॅको याच्या खुब्याला दुखापत झाल्यानें जॅक्सनला संधि मिळाली आणि त्यानें सातांपैकीं सहा सामने जिंकून दिले, मात्र बाद फेरींत चार्जर्स संघानें त्याला पुरतें जखडून ठेवलें. दुसरीकडे कोठें असतें, तर त्या हिवाळ्यांत त्याला ‘सुधारण्याचा’ कार्यक्रम निघाला असता. जॉन हार्बॉ यांनीं उलटें केलें. डाव आखण्याचें काम ग्रेग रोमन यांच्याकडे सोपवून त्यांनीं सगळें आक्रमणच त्या मुलाच्या अंगावर बेतून नव्यानें शिवलें. २०१९ मध्यें तो १,२०६ यार्ड धांवला, ३६ टचडाउन त्यानें फेकले, संघानें १६ पैकीं १४ सामने जिंकले, आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला एकमतानें मिळाला. त्या वर्षीं त्याचा राखीव जोडीदार कोण होता? रॉबर्ट ग्रिफिन!

यांत शिक्षणशास्त्राची एक गोष्ट आहे, ती पंडितांच्या ध्यानांत येत नाहीं. क्वार्टरबॅक धांवेल या भीतीनें प्रतिपक्षाचे रक्षक पुढें गोळा होतात. मागें, विशेषतः मैदानाच्या मध्यभागीं, जागा मोकळी पडते. आणि नवशिक्याला तेथें सोपे चेंडू फेकावयास मिळतात. सोप्यापासून कठिणाकडे जावें, हें आपल्याकडील कोणत्याही प्राथमिक शाळेंतील पंतोजीला ठाऊक असतें. पाय बांधून टाकले कीं तोच मुलगा पहिल्या दिवसापासून कठिणांत कठिण धड्याला बसविला जातो, आणि मग त्याला वाचतां येत नाहीं म्हणून ओरड होते. जॅक्सननें २०२४ मध्यें ४१ टचडाउन फेकले आणि चेंडू केवळ ४ वेळां परपक्षाला दिला. पायांना मुभा दिल्यानें त्याचा हात बिघडला, असें म्हणण्याची ज्यांची छाती असेल त्यांनीं म्हणावें.

‘पण त्यानें सुपर बोल कोठें जिंकला?’ असा प्रश्न तयारच असतो. नाहीं जिंकला, २०२४ च्या हंगामापर्यंत त्या सामन्यापर्यंत तो पोहोंचलाही नव्हता. तथापि तो फेब्रुवारी २०२५ मध्यें जिंकला जेलन हर्ट्स यानें, आणि त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. हाही धांवणाराच, दुसऱ्या फेरींत ५३ वा निवडलेला.

येथें एक अप्रिय गोष्ट बोलणें भाग आहे. १९६८ मध्यें डेन्व्हरच्या संघांत मार्लिन ब्रिस्को या कृष्णवर्णी तरुणानें क्वार्टरबॅक म्हणून १४ टचडाउन फेकले; पुढच्या वर्षीं बफेलोस जाऊन त्याला चेंडू झेलणारा व्हावें लागलें. वॉरन मून याला १९७८ मध्यें एकाही संघानें निवडलें नाहीं. तो कॅनडांत गेला, तेथें पांच वेळां अजिंक्यपद मिळवून १९८४ मध्यें परतला, आणि २००६ सालीं कीर्तिमंदिरांत दाखल झाला. जॅक्सनला दिलेला सल्ला या परंपरेंतूनच आला होता, असें आम्हांला वाटतें. ज्या २०१८ च्या निवडींत तो ३२ वा ठरला, तींतच जॉश अॅलन हा गोरा तरुण ७ वा निवडला गेला. तोही धांवणारा, आणि फेक इतकी बेभरंवशाची कीं पहिल्या वर्षीं त्याचे शंभरांत जेमतेम ५३ चेंडू सोबत्याच्या हातीं पोहोंचले. त्याला झेलणारा हो म्हणून कोणी जाहीर उपदेश केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. त्याला वेळ मिळाला, ब्रायन डेबॉल हे एकच गुरु सलग चार वर्षें मिळाले, २०२० मध्यें स्टेफॉन डिग्ज याच्यासारखा झेलणारा आणून दिला, आणि त्या वर्षीं ५३ चे ६९ झाले. अॅलनला मिळालें तें योग्यच मिळालें. आमची तक्रार एवढीच कीं, तें इतरांना कां मिळूं नये.

जस्टिन फील्ड्स याला तें मिळालें नाहीं. शिकागोनें २०२१ मध्यें पहिल्यांदा त्याला आरंभापासून खेळविलें, त्या क्लीव्हलँडविरुद्धच्या सामन्यांत चेंडू हातांत असतांनाच तो नऊ वेळां पाडला गेला. दुसऱ्या वर्षीं व्यवस्थापक, मुख्य प्रशिक्षक आणि डाव आखणारा असे तिघेही नवे आले. त्या २०२२ च्या हंगामांत तो १,१४३ यार्ड धांवला, आणि ५५ वेळां पाडलाही गेला. २०२४ मध्यें त्याला पिट्सबर्गला देऊन टाकलें तें सहाव्या फेरीच्या एका सशर्त हक्काच्या बदल्यांत. इंडियानापोलिसचा अँथनी रिचर्डसन तर महाविद्यालयांत आरंभापासून अवघे तेरा सामने खेळलेला. त्याला २०२३ मध्यें चौथ्या क्रमांकावर घेऊन पहिल्याच सामन्यापासून उतरविलें आणि चौथ्या सामन्यांत खांदा जाऊन त्याचें वर्ष संपलें. दुसऱ्या वर्षीं एका प्रयत्नापुरता दम लागला म्हणून तो बाहेर आला, तर त्याची जागा काढून घेऊन ती दिली कोणाला? ज्याची जागा जॅक्सननें घेतली होती, त्याच जो फ्लॅकोला. वय वर्षें ३९!

या घाईचें मूळ पैशांत आहे. २०११ च्या मालक-खेळाडू करारापासून निवडींतून आलेल्या नवागताचा पहिला करार चार वर्षांचा असतो. पहिल्या फेरींतल्यास संघाच्या मर्जीनें पांचवें. त्याचें वेतन निवडीच्या क्रमांकाप्रमाणें ठरून गेलेलें असतें, आणि नांवाजलेल्या क्वार्टरबॅकच्या मानानें तें पुष्कळच थोडें. तेव्हां तो स्वस्त आहे तोंच त्याच्याकडून होईल तेवढें काम उरकून घ्यावें, असा व्यापारी हिशेब मांडला जातो. स्टीव्ह यंग हा १९८७ मध्यें सॅन फ्रान्सिस्कोस आला तेव्हां जो मॉन्टाना याच्या मागें चार वर्षें राखीव राहिला. जानेवारी १९९५ मध्यें त्यानें एकाच सुपर बोलांत सहा टचडाउन फेकले. आजच्या हिशेबांत त्याचा पहिला करार बाकावरच संपून गेला असता. आम्ही सर्वांना बसवून ठेवा म्हणत नाहीं. जॅक्सन पहिल्याच वर्षीं खेळला. खेळवावयाचें कीं बसवावयाचें हें मुलगा पाहून ठरवावें, खतावणी पाहून नव्हे.

मग त्याला शिकवावें तरी काय? धांवणें कोठें थांबवावें, हें शिकवावें. पाय पुढें टाकून जमिनीवर घसरणाऱ्या क्वार्टरबॅकला मारतां येत नाहीं, असा नियमच आहे. पण आणखी दोन यार्डांच्या लोभानें पोरें तो विसरतात. मैदानाची कड जवळ असतां ती ओलांडून बाहेर पडणें हा भित्रेपणा नव्हे, हेंही पुन्हां पुन्हां सांगावें लागतें. आणि जें प्रशिक्षकानें शिकावयाचें तें याहून सोपें आहे. २०२४ मध्यें वॉशिंग्टनला जेडन डॅनिअल्स मिळाला. पहिल्याच वर्षीं तो उत्कृष्ट नवागत ठरला आणि संघ सुपर बोलच्या एका पायरीवर येऊन थांबला. २ नोव्हेंबर २०२५ रोजीं त्याच लँडोव्हरच्या मैदानावर, त्याच सिअॅटलविरुद्ध, चौथ्या सत्रांत वॉशिंग्टन ३८ विरुद्ध ७ असें मागें असतां तो अजून खेळतच होता, आणि पडतांना त्याचें डावें कोपर निखळलें. मुख्य प्रशिक्षक डॅन क्विन यांनीं मागाहून दोष स्वतःकडे घेतला. परंतु त्या घटकेला त्याला बाकावर बोलावण्यास कोणती विद्या लागत होती? घड्याळ आणि गुणफलक दोन्ही त्यांच्या समोरच होते.