माळवद उतरवताना पोथ्यांचा रुमाल बाजूला काढा

धर्मापुरीच्या केदारेश्वराच्या देवळापुढं उभं राहिलं की दगडाची ताकद कळते. शेकडो वर्षं ऊन-पाऊस खाऊनही बाहेरच्या भिंतींवरच्या मूर्ती जागच्या जागी आहेत. कागदाचं तसं नसतं. तो कुणीतरी सांभाळला तरच राहतो. म्हणून धर्मापुरी, परळी, अंबाजोगाई या पट्ट्यातल्या घराघरांना ही विनंती.

सध्या गावोगाव जुनी माळवदं उतरवून स्लॅबची घरं होताहेत. देवळीतून नाहीतर लाकडी पेटीतून लाल कापडात बांधलेला रुमाल निघतो. अक्षर कुणाला लागत नाही. रद्दीत घालायला मन धजत नाही, म्हणून घरची माणसं भक्तिभावानं तो गंगेत सोडून येतात. कृपा करून असं करू नका. कितीतरी पोथ्यांच्या शेवटी लिहिणाऱ्यानं विनवलेलं असतं, की पाठ आणि मान मोडून हे लिहिलं आहे, तेलापासून जपा, पाण्यापासून जपा. त्याची पोथी आपण पाण्यात कशी सोडायची?

जपलं तर काय उरतं, ते अंबाजोगाईत पाहा. दासोपंतांनी पंचीकरणाचा विषय चक्क कापडावर लिहिला. सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद अशी ती पासोडी. दासोपंत 1615 साली गेले. त्यानंतर चारशे वर्षं कापडासारखी नाजूक वस्तू टिकली, ती पिढ्यान् पिढ्या कुणी तिला हात लावताना विचार केला म्हणून.

उलटही घडलं आहे, आणि तेही आपल्याच जिल्ह्यात. इतिहासाचार्य राजवाड्यांना बीडजवळ पाटांगणला ज्ञानेश्वरीची जुनी पोथी मिळाली. 1909 साली त्यांनी ती छापली. पुढं मूळ पोथी मात्र अभ्यासकांच्या हाती राहिली नाही. आज भिस्त आहे ती छापील प्रतीवर.

याच राजवाड्यांनी गावोगाव पायी फिरून कागद गोळा केले. 31 डिसेंबर 1926 रोजी ते धुळ्यात वारले आणि अवघ्या काही दिवसांत, 1927च्या जानेवारीत, धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं. तिथं दप्तरं आहेत, पोथ्या आहेत, संग्रहालय आहे. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं. धुळ्याच्या माणसांनी हे काम पुण्या-मुंबईवर सोडलं नाही.

तुमच्या घरात पोथी असेल तर ती वर्तमानपत्रात गुंडाळू नका. त्या कागदातल्या आम्लानं पोथीचा कागदही पिवळा पडून ठिसूळ होतो. धुतलेलं सुती कापड घ्या. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. काजळाची शाई ओलीनं पसरते, म्हणून ओलं फडकं लावायचं नाही. अक्षरांवर कुठं पिवळा लेप दिसला तर तो हरताळ. चुकलेलं अक्षर झाकायला तो फासत. ‘हरताळ फासणं’ आपण रोज बोलतो, ते इथलंच. हरताळ विषारी असतो, तेव्हा बोटाला थुंकी लावून पानं उलटू नका.

नुसत्या पोथ्याच नव्हेत, मोडीतले कागद आणि निजामाच्या काळातले उर्दू कागदही ठेवा. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळं जमिनीचे, पाटीलकी-कुलकर्णाचे कितीतरी व्यवहार त्या कागदांत आहेत. 2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांकडं लोक कशी धाव घेत होते, आठवा. कागदावर 1340 फसली असं असेल तर त्यात 590 मिळवा. साल निघेल 1930.

कागद कुणाला देऊनच टाकावेत असं माझं म्हणणं नाही. घरची वस्तू घरीच राहू दे. पण आधी तिचे फोटो काढा. फ्लॅश बंद ठेवून, सावलीतल्या उजेडात, पानाच्या कडेचा आकडा दिसेल असे. मग छत्रपती संभाजीनगरला शासनाच्या पुराभिलेख कार्यालयात, विद्यापीठाच्या इतिहास विभागात किंवा पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात ते दाखवून घ्या. मूळ कागद कुणाला दिलेच, तर पानं मोजून द्या आणि लेखी पोच घ्या.

रुमाल सोडलात की सगळ्यात आधी शेवटचं पान शोधा. बाहेरच्या बाजूला असल्यानं तेच पहिल्यांदा झिजतं, आणि बहुधा त्याच्यावरच लिहिणाऱ्याचं नाव, गाव आणि शक असतो. शकात 78 मिळवा, इसवी सन येईल. ते साल, आणि रुमाल कुठल्या गावात, कुणाच्या घरात सापडला, एवढं एका चिठ्ठीवर लिहून आत ठेवा. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा. पेनाची शाई ओलीनं फुटते आणि शेजारच्या पानावर उतरते.