स्वेच्छेने घेतलेला रोग आणि सक्तीचे दारिद्र्य

ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आर-२१ या हिवतापावरील लसीची शिफारस केली. ऑक्सफर्ड विद्यापीठात घडलेल्या या लसीचे उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये होते, म्हणून पुणेकरांना तिचा अभिमान वाटला असेल तर तो अनाठायी नव्हता. आफ्रिकेतील लक्षावधी बालकांचे प्राण हिवताप घेत आला आहे आणि त्यावरील लसीची मात्रा दोन ते चार डॉलरांत मिळू शकते, ही साधी गोष्ट नव्हे. परंतु या यशाच्या पायाशी आणखी काही माणसे उभी आहेत आणि त्यांच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. लसीच्या प्रारंभीच्या चाचण्यांत इंग्लंडमधील काही निरोगी स्त्रीपुरुषांनी हिवतापाचे जंतू वाहणाऱ्या डासांकडून स्वतःला जाणूनबुजून चावून घेतले होते.

ही पद्धत आता जगभर रूढ झाली आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या डासांना रोगाचे परजीवी दिले जातात; साधारणपणे असे पाच डास स्वयंसेवकाच्या हातावर सोडले जातात; पुढे नियमितपणे रक्त तपासले जाते आणि परजीवी दिसताच औषध देऊन ते नष्ट केले जातात. ज्यांना लस दिली होती त्यांच्यात रोग रोखला गेला की नाही, हे काही आठवड्यांत कळते. हजारो माणसांवर वर्षानुवर्षे नजर ठेवण्याचे काम त्यामुळे काही डझन माणसांवर भागते. हॉलंडमधील लायडन येथे तर स्वयंसेवकांच्या त्वचेवर शिस्टोसोमा या रक्तकृमीच्या केवळ नर अळ्या सोडण्यात आल्या. मादीच नसल्यामुळे अंडी पडत नाहीत आणि या रोगातील खरी हानी अंड्यांमुळेच होते. शास्त्रज्ञांची ही कल्पकता आणि सावधगिरी दोन्ही वाखाणण्याजोग्या आहेत.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. प्लेगच्या साथीत, जानेवारी १८९७ मध्ये, वाल्डेमार हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर ती भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना दिली गेली. पुढे १९१३ च्या सुमारास परळच्या जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, डॉ. तर्खड यांनी नारूच्या अळ्या पोटात असलेले पाण्यातील सूक्ष्म जीव स्वयंसेवकांना देऊन रोग कसा होतो याचा पुरावा मिळवला. पायविहिरीचे पाणी गाळून प्यावे, हा पुढे गावोगावी दिला गेलेला उपदेश अशाच ज्ञानावर उभा होता. फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला. तर्खडांचे नाव परजीवीशास्त्राच्या इतिहासात राहिले. ज्यांनी ते पाणी प्याले त्यांची नावे पाठ्यपुस्तके सांगत नाहीत.

या परंपरेची दुसरी, काळी बाजूही विसरून चालणार नाही. डाखाऊच्या छळछावणीत क्लाउस शिलिंग या जर्मन डॉक्टराने हजाराहून अधिक बंद्यांना हिवतापाची लागण केली. १९४६ मध्ये त्याला फाशी झाली. परंतु त्याच काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांना हिवताप देऊन औषधांची पारख चालली होती आणि न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझी डॉक्टरांच्या बचावासाठी नेमके याच उदाहरणाकडे बोट दाखवले गेले. दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल, कारण स्टेटव्हिलच्या कैद्यांनी कागदावर सही केली होती. पण शिक्षेत सूट मिळण्याची आशा ज्याच्या डोळ्यांपुढे आहे, त्याची सही कितपत मोकळी? न्यूरेंबर्गची संहिता १९४७ साली आली. स्टेटव्हिलमधील प्रयोग त्यानंतरही १९७४ पर्यंत चालू राहिले.

हा इतिहास आज उगाळण्याचे कारण आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ मध्ये नियंत्रित मानवी संसर्ग अभ्यासाविषयीचे धोरणविधान मांडले आणि अशा प्रयोगांचे दार आपल्या देशात उघडण्याची तयारी दाखवली. त्यात सक्षम संस्थांची अट आहे, नीतिमत्ता समित्यांची देखरेख आहे, केवळ निरोगी प्रौढच घ्यावेत असा आग्रह आहे. कागद चांगला आहे. प्रश्न आहे तो कागदाखालच्या जमिनीचा.

ती जमीन कशी आहे हे पाहण्यासाठी हिंजवडीइतके बोलके ठिकाण शोधून सापडणार नाही. मुळशी तालुक्यातील या गावाची आणि शेजारच्या माण, मारुंजीची शेते औद्योगिक विकास महामंडळाने घेतली आणि तेथे माहिती तंत्रज्ञानाची नगरी उभी राहिली. तिथल्याच जैवतंत्रज्ञान वसाहतीतील जेनोव्हा कंपनीच्या कोरोनावरील एमआरएनए लसीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन परवानगी मिळाली. उद्या अशा प्रयोगांसाठी माणसे हवी असल्याची जाहिरात निघाली, तर हिंजवडीतून कोण पुढे येईल? काचेच्या इमारतीत बसणाऱ्या, पगारी रजा आणि आरोग्यविमा असणाऱ्या अभियंत्याची गोष्ट वेगळी. तो कुतूहलाने येईल किंवा येणार नाही. न आल्याने त्याची चूल थंड पडत नाही. पण त्याच इमारतीच्या फरशा पुसणारी कंत्राटी बाई, फाटकावर बारा तास उभा राहणारा पहारेकरी, शेजारच्या बांधकामावर पत्र्याच्या खोपटात राहणारा मजूर, यांच्यापुढे काही आठवड्यांच्या मुक्कामाचे अन्न आणि हातात रोख रक्कम आली, तर त्यांच्या होकाराला ‘स्वेच्छा’ म्हणताना जीभ अडखळली पाहिजे.

या शंकेला ठराविक उत्तर दिले जाते ते असे, की मोबदला कमी ठेवावा, म्हणजे गरीब माणूस मोहात पडणार नाही. हे उत्तर वरवर सात्त्विक आहे, वस्तुतः कावेबाज आहे. भुकेल्याला थोडके पैसेही मोह घालतात. मोबदला घटवल्याने त्याची भूक घटत नाही, फक्त प्रयोगाचा खर्च घटतो. केनियातील किलिफी येथे हिवतापाच्या अशा अभ्यासात स्थानिक माणसांनी भाग घेतला, तेव्हा त्यांना मिळणाऱ्या पैशांवरून वृत्तपत्रांत वाद झाला. परंतु संशोधकाचा पगार, कंपनीचा नफा किंवा सल्लागाराचे मानधन यांना मोह म्हणण्याची कोणाची तयारी नसते. कमी मजुरीला नीतीचे वस्त्र नेसवल्याने ती कमी मजुरीच राहते.

आपल्या कायद्याने तर नकळत सत्याची कबुली दिली आहे. २०१९ च्या नवी औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांत, चाचणीमुळे माणूस दगावला तर भरपाई काढण्याचे सूत्र आहे आणि त्या सूत्रातील वयानुसारचा गुणक कामगार नुकसानभरपाई कायद्यावरून घेतलेला आहे. म्हणजे मेल्यानंतर तो माणूस हिशेबापुरता कामगार ठरतो. जिवंत असेपर्यंत मात्र तो ‘स्वयंसेवक’, ना त्याला वेतन, ना संघटना, ना सौद्याचा अधिकार! ज्या अर्थी त्याच्या मृत्यूची किंमत कामगाराच्या मापाने मोजली जाते, त्या अर्थी त्याच्या श्रमाची आणि जोखमीची किंमतही त्याच मापाने मोजली गेली पाहिजे.

मग असे प्रयोग होऊच नयेत काय? तसे म्हणणे सोपे आहे, पण ते गरिबांच्याच मुळावर येईल. ज्या प्रदेशात रोग आहे तिथल्या माणसांची प्रतिकारशक्ती वेगळी असते. परदेशी विद्यार्थ्यावर यशस्वी ठरलेली लस इथल्या मजुराला तितकीच उपयोगी पडेल असे गृहीत धरता येत नाही. किलिफीचे प्रयोग याच कारणासाठी झाले. विज्ञानाला जोखमीची गरज आहे आणि ती कोणीतरी उचलली पाहिजे, हे मान्य. अमान्य आहे ते इतकेच, की जोखीम नेहमी खालच्यांनी उचलावी आणि फळ नेहमी वरच्यांनी खावे.

म्हणून काही गोष्टींचा आग्रह धरलाच पाहिजे. पहिली, हाफकिन यांचा न्याय: आरंभीचे स्वयंसेवक स्थिर उत्पन्न आणि रजा असलेल्या वर्गातून, डॉक्टर, प्राध्यापक, अभियंते यांच्यातून यावेत, मात्र कंपनीने स्वतःच्या नोकरांवर दडपण आणता कामा नये. दुसरी, बुडालेल्या रोजगाराची पूर्ण भरपाई आणि जोखमीचे रास्त वेतन. तिसरी, प्रयोग संपल्यावरही उपचारांची हमी. भारतात आढळणाऱ्या व्हायवॅक्स हिवतापाचे परजीवी यकृतात दडून महिन्यांनी पुन्हा उठतात. तोपर्यंत फिरता मजूर पुणे सोडून मराठवाड्यात किंवा बिहारात गेलेला असेल, तर त्याने कोणाचे दार ठोठवायचे? चौथी, नीतिमत्ता समितीत श्रमिकांचे प्रतिनिधी. २००९–१० मध्ये खम्मम आणि वडोदरा येथे मुलींवर झालेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीच्या अभ्यासात काही ठिकाणी संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या प्रमुखांनीच सह्या केल्या होत्या आणि संसदीय समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. सही दुसऱ्याची आणि शरीर तिसऱ्याचे, हा प्रकार पुन्हा घडता कामा नये. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, अशा प्रयोगांतून निघालेले औषध किंवा लस त्या जनतेला परवडेल अशा दरात मिळण्याची कायदेशीर बांधिलकी. आर-२१ च्या किमतीने हे शक्य असल्याचे दाखवून दिले आहे. मात्र जे एका लसीबाबत घडले ते कंपनीच्या मर्जीवर नव्हे, नियमावर उभे राहिले पाहिजे.

समाजासाठी स्वतःच्या अंगावर रोग घेणे ही माणुसकीची फार मोठी कृती आहे. तिला त्याग म्हणायचे असेल, तर त्याग न करण्याची मोकळीकही प्रत्येकाला असली पाहिजे. ज्या दिवशी हिंजवडीच्या फाटकावरचा पहारेकरी घरच्या चुलीची चिंता न करता अशा प्रयोगाला ‘नाही’ म्हणू शकेल, त्या दिवसापासूनच त्याच्या ‘हो’ला काही अर्थ येईल.