हप्त्याचा वार



आपल्या पत्रकात खोडवा, ठिबक, बेणेबदल आणि तोडणीचा कार्यक्रम यांवर नेहमी लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. आज मात्र उसाबाहेरच्या, पण उसाच्या बिलात हळूच हात घालणाऱ्या एका गोष्टीवर लिहिण्याची परवानगी संपादकांकडे मागितली आणि त्यांनी ती दिली.

मालवण किनाऱ्याकडच्या आमच्या वाडीत मंगळवार हा हप्त्याचा वार. सकाळी मोटारसायकल येते, एका पडवीत चटई पडते, दहाबारा बायका जमतात. "गे, हाडलंस मां?" "हाडलंय, पण शंभर कमी आसत." "मग आमका भरूचे लागतले!" असा संवाद दर आठवड्याला कानावर पडतो. गेल्या हंगामात शेजारच्या एका वहिनींनी मला विचारले, "काका, उसाचा बिल कधी जमा होतला?" ऊस त्यांच्या यजमानांच्या नावावर. बाईमाणसाने बिलाची इतकी चौकशी का करावी, असे मला वाटले. मागाहून कळले, की आदल्या रात्री आठ वाजता वसुलीचा माणूस दारात येऊन बसला होता. कंपनीचे नाव लिहीत नाही; एक गेली तर दुसरी येते.

आता हिशेब पाहा. चाळीस हजारांचे कर्ज, वर्षाची मुदत, व्याज "फक्त १२ टक्के". म्हणजे ४,८०० रुपये, आणि दर आठवड्याला सुमारे ८६२ रुपयांचा हप्ता. ऐकायला बरे वाटते. पण मुद्दल दर आठवड्याला परत जात असते, म्हणजे वर्षभरात सरासरी निम्मेच पैसे आपल्या हाती राहतात आणि व्याज मात्र पुऱ्या चाळीस हजारांवर. खरा दर काढला तर २२-२३ टक्के पडतो. याच घरातल्या यजमानांचे सोसायटीचे पीककर्ज तीन लाखांपर्यंत असेल आणि मुदतीत फेडले असेल, तर केंद्र-राज्याच्या व्याज सवलतीमुळे ते शून्य टक्क्याने पडते. एकाच चुलीवर शिजणाऱ्या घरात नवऱ्याच्या नावावर शून्य आणि बायकोच्या नावावर बावीस! उसाला कर्ज आहे, उसाच्या घरातल्या आजारपणाला, कॉलेजच्या फीला, कौलांना नाही. खरे दुखणे हे आहे.

आणि हे दुखणे नवे नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. पुढे १९५१-५४ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत दिसले, की शेतकऱ्याच्या कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम ३ टक्के आणि सावकारांचा ७० टक्क्यांच्या घरात. महाराष्ट्राने १९७५ चा कर्जमुक्ती कायदा केला, गरिबांची सावकारी देणी पुसली. देणे पुसल्यावर सावकार उद्या उंबरठ्यावर उभे करणार नाही, मग औषधपाण्याला माणसाने जायचे कुठे, हा प्रश्न तेव्हाच्या लोकांना सुचला होता. म्हणून १९७६ मध्ये शिवरामन समितीने दुर्बल घटकांना आजारपण, शिक्षण, लग्नकार्य यांसाठी गावच्या सोसायटीतून उपभोग कर्ज द्यावे, अशी शिफारस केली. आपल्या गावच्या सोसायटीच्या सचिवाला ही शिफारस विचारा. तो तुमच्या तोंडाकडे बघेल. त्याचा दोष नाही.

सोसायटीने सोडलेली ती जागा आज सूक्ष्मकर्ज कंपन्यांनी आणि मोबाईलवरच्या ॲपनी भरली. कायदा नाही असे नव्हे. महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी कायदा आहे. त्याखाली परवानाधारक सावकाराच्या व्याजाला मर्यादा आहे आणि विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. परंतु मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत. म्हणजे तहसीलदार, उपनिबंधक यांच्या हातचे काही राहिले नाही. दाद रिझर्व्ह बँकेकडे. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने सूक्ष्मकर्जाची नवी चौकट आणली. त्यात व्याजाची कमाल मर्यादा काढून दर ठरवणे कंपन्यांच्या संचालक मंडळांवर सोपवले. मात्र कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत, सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीला जाऊ नये, व्याजासह सगळा खर्च मिळून वर्षाचा दर किती पडतो ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत कागदावर द्यावे, असेही सांगितले.

नियम वाईट नाहीत. पण रात्री आठला दारात आलेल्या माणसाला "सहानंतर येऊ नको" म्हणण्यासाठी तो नियम वहिनींना माहीत असायला हवा. आमच्या वाडीत तो कोणालाच माहीत नव्हता. मलाही नव्हता, हे कबूल करतो. लोकपालाचा १४४४८ हा क्रमांकही मला मुंबईहून सुट्टीला आलेल्या भाच्याने सांगितला.

इथे पैशाचा प्रश्न येतो. बँक ऑफ इंडियाने २००६ मध्ये मुंबईत 'अभय' नावाचे कर्जसल्ला केंद्र काढले होते. कर्जात बुडालेल्या माणसाशी बसून बोलायचे, हप्ते कसे बसवायचे ते सांगायचे, असे ते काम. २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने 'वित्तीय साक्षरता व कर्जसल्ला केंद्र' अशी आदर्श योजना आखली. २०१२ मध्ये तिची सुधारणा झाली आणि पाटीवर उरले नुसते 'वित्तीय साक्षरता केंद्र'. 'कर्जसल्ला' गेला! आता खाते उघडा, विमा घ्या, ओटीपी सांगू नका, असे शिकवले जाते. हे शिकवू नये असे कोण म्हणेल? पण बुडणाऱ्याला पोहण्याचे पुस्तक देण्यातला हा प्रकार. ग्रामीण शाखांनी महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी, कामकाजाची वेळ संपल्यावर, मेळावा घ्यावा असा दंडक आहे. आपल्यापैकी किती जण अशा मेळाव्याला गेले आहेत, हात वर करा. आणि तीन तालुक्यांमागे एक केंद्र, या मापाने वैभववाडी-कणकवली-देवगडच्या बाईने एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी बुडवून कुठे जावे?

पैसा नाही म्हणाल, तर दहा वर्षे कोणी न मागितलेल्या बँक ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जातात. मार्च २०२४ अखेर त्यात ७८ हजार कोटींहून अधिक रक्कम होती. ती ज्याची त्याला मागितल्यावर परत द्यावीच लागते, हे खरे; पण त्या निधीच्या उत्पन्नातून तालुक्याला एक सल्लागार बसवणे अशक्य नाही. ब्रिटनमध्ये तर सावकारी करणाऱ्या कंपन्यांकडूनच पट्टी गोळा करतात आणि त्यातून लोकांना फुकट कर्जसल्ला देतात. तिथे २०१५ पासून पगारापुरत्या अल्पमुदत कर्जावर, व्याज आणि सगळे आकार धरून, मुद्दलाइतक्याच रकमेची कमाल मर्यादाही आहे. आपल्याकडे ज्याने कर्ज दिले त्याच्याकडून सल्ल्याची पट्टी का घेऊ नये, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

आता थोडे आपल्या घरचे बोलू. संचालक मंडळाने राग मानू नये. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाल्यास १५ टक्के व्याज. साखर विकली गेली नाही, बँकेची उचल अडली, ही कारणे आम्हांला समजतात. २०२४ मध्ये करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी बंद होता तेव्हा गाड्या वळसा घालून गेल्या, हेही आम्ही सोसले. पण बिल महिनाभर लांबले की आमच्या बायका चार मंगळवारचे हप्ते दुसऱ्या कंपनीकडून उचल करून भरतात. पहिले कर्ज दुसऱ्याने फेडायचे आणि दुसरे तिसऱ्याने. उशिराच्या बिलावरचे १५ टक्के व्याज मिळाले तरी ते त्या बावीसला पुरत नाही.

म्हणून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी दोन ठराव मांडणार आहे. एक, घाटाखालच्या सभासदांच्या बिलाची तारीख आगाऊ जाहीर करावी आणि उशीर होणार असेल तर तेही गट ऑफिसात फळ्यावर लिहावे, म्हणजे घरातल्या बाईला हप्ता ठरवता येईल. दोन, सभासद शिक्षणासाठी होणाऱ्या खर्चातून गट ऑफिसात महिन्यातून दोन दिवस कर्जसल्ल्याला माणूस बसवावा. निवृत्त बँक कर्मचारी किंवा गटसचिव चालेल, आणि त्याने सभासदाच्या घरच्या बायकांचे कागदही पाहावेत, नुसते सातबारावाल्याचे नव्हेत. बसण्याचा दिवस मंगळवार नसावा.

सूचक मी आहे. अनुमोदक लागेल. कोणी तयार असल्यास सभेआधी चार दिवस गट ऑफिसात नाव द्यावे, म्हणजे ऐनवेळी शोधाशोध नको.

— किनाऱ्याकडचा एक सभासद