फुलोऱ्यातल्या पपईचा सौदा

शहादा-नंदुरबारकडे पपईचे मोठे क्षेत्र आहे, आणि फळांच्या धंद्यात आमचे बागवान बांधव पिढ्यान् पिढ्या आहेत. 'तैवान ७८६' या वाणाचा आकडा पाहूनच काहींना बरकतीची खात्री वाटते! पण पपई हे नाजूक पीक आहे. मुळाशी पाणी साचले की बुंधा कुजतो. त्याहून मोठा शत्रू रिंगस्पॉट विषाणू. मावा तो झाडोझाडी नेतो. त्यावर औषध नाही. रोगट झाड उपटून नष्ट करावे, बागेच्या कडेने मका लावावा, शेजारी काकडी-भोपळा घेऊ नये. तोडा सुरू व्हायला नऊ-दहा महिने लागतात.

तरीही बाग फुलोऱ्यात असतानाच उक्ता सौदा करण्याचा मोह होतो. मग रोग आला की व्यापारी इसार सोडून निघून जातो, नाहीतर शेतकरी पूर्ण रक्कम मागतो आणि वितुष्ट येते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी फळांची पक्वता दिसेपर्यंत ती विकण्यास व घेण्यास मनाई केली आहे, ही हदीस बुखारी व मुस्लिम दोहोंत आहे. विकलेल्या फळावर आपत्ती आल्यास बांधवाकडून पैसे घेऊ नयेत, असेही सहीह मुस्लिममध्ये आले आहे.

आमच्या मते सौदा फळावर पिवळी छटा दिसल्यावर, वजनावर, तोड्यागणिक व्हावा. शेतकऱ्याला आगाऊ पैसा लागतो, हे आम्ही जाणतो. तो व्यापाऱ्याने कर्जे हसना म्हणून वेगळा द्यावा आणि त्या बदल्यात भाव पाडून मागू नये.