मोटार घेण्यापूर्वी एक वही घ्यावी

जुन्या हुबळीत इंडी पंपापासून फार दूर नसलेल्या एका घरी गेल्या पावसाळ्याअखेर माझे जाणे झाले. घरधनी रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. थोरला मुलगा धारवाडला नोकरीस. मुलगी कारवारला दिलेली. आणि आजीबाईंचे गुडघे असे की, बसची पायरी त्यांना आता चढवत नाही. घरात मोटार यावी, आणि ती मागे डिकी असलेली सेडान असावी, हे सर्वांना मान्य होते. कोणती यावी, एवढ्यावरच तीन आठवडे वाद चालला होता.

"काका, तुम्हीच सांगा," मुलगा मला म्हणाला, "पेट्रोल लिटरला शंभरावर गेले आहे. सर्वांत जास्त मायलेजची गाडी घेतली, तर पैसे वसूल होतील की नाही?" त्याच्या मनात विजेची जोड असलेली हायब्रिड गाडी भरली होती. वडिलांचा ओढा बेळगावच्या एका आप्ताच्या जुन्या डिझेल गाडीकडे. आजीबाईंचे मागणे एकच, की घाटात गाडी बंद पडू नये. पैसे कमी पडतात, तेव्हा गावाकडील एक एकर काढावा, असा शब्द निघाला मात्र, वहिनी उठून आत गेल्या. तेव्हा माझ्या ध्यानात आले की, येथे प्रश्न केवळ मोटारीचा नाही.

मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. एक महिनाभर वही ठेवा, एवढेच सांगितले. मोटार असती तर ती आज कोठे गेली असती आणि किती किलोमीटर, हे रोज रात्री लिहावे. हे काम अर्थातच वहिनींकडे आले.

महिन्याने वही पाहिली. दुर्गदबैलचा बाजार, रविवारची मिस्सा, आजीबाईंचे दोनदा इस्पितळ, बेळगावची एक फेरी. मुलगा धारवाडला चिगरी बसने जातो. रोज मोटारीने जाण्याचा त्याचाही विचार नव्हता. सारे मिळून महिन्याला ३९० किलोमीटर भरले. वर्षातून चार वेळा कारवारला जाऊन येणे धरले, तरी वर्षाची बेरीज सहा हजारांच्या पुढे जाईना.

आता वाचकांनी पेन्सिल हाती घ्यावी. हिशेब सोपा व्हावा म्हणून पेट्रोल लिटरला १०० रुपये धरू. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या गाडीस सहा हजार किलोमीटरांना ४०० लिटर लागतात, म्हणजे ४०,००० रुपये. २० देणारीस ३०,०००. आणि २५ देणारीस २४,०००. पहिल्या पाच किलोमीटरांनी वर्षाला दहा हजार वाचले. पुढच्या पाचांनी सहाच हजार. मायलेज जसे वाढत जाते, तशी त्यापासूनची बचत आटत जाते. आकडा मोठा दिसतो म्हणून भुलणाऱ्यांच्या ध्यानात ही गोष्ट सहसा येत नाही. होंडा कंपनीने २०२२ साली 'सिटी' ही सेडान हायब्रिड रूपात आणली. तिचे यंत्र खरोखर नामी आहे, पण किंमत लहान सेडानच्या दुपटीच्या घरात. वर्षाला सोळा हजार वाचवण्यासाठी दहा लाख रुपये अधिक घातले, तर ते फिटावयास बासष्ट वर्षे लागतील. मुलाने हा भागाकार दोनदा करून पाहिला.

जाहिरातीतील मायलेज कोठून येते, हेही जाणून घ्यावे. पुण्याच्या 'अराई'सारख्या मान्यताप्राप्त संस्थेत गाडी रुळांवर उभी करून, ठरावीक वेगाच्या तक्त्याप्रमाणे चालवून तो आकडा काढतात. वर्षानुवर्षे चालत आलेल्या या चाचणीत वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि वातानुकूलन बंद असते. पाच माणसे, कारवारहून आणलेले नारळ व माशांची पेटी, आणि अरबैल घाटाची चढण या गोष्टी त्या तक्त्यात नाहीत. म्हणून दोन गाड्यांची आपसांत तुलना करण्यास तो आकडा उपयोगी पडतो. घरखर्चाचा अंदाज मात्र त्यावर बांधू नये. २०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या मारुतीच्या नव्या 'डिझायर'चा कागदावरचा आकडा २४.७९ आहे, तर पुढच्याच महिन्यात आलेल्या होंडा 'अमेझ'चा १८.६५. पहिलीचे इंजिन तीन सिलिंडरांचे, दुसरीचे चारांचे. दुसरी बहुधा अधिक शांत वाटेल. सहा हजार किलोमीटरांच्या घराने या दोहोंत निवड करताना पेट्रोलपेक्षा आसन, ब्रेक व दुरुस्तीची सोय पाहावी, असे माझे मत आहे.

या दोन्ही गाड्या चार मीटरांच्या आत का बसवल्या आहेत, असे कोणी विचारील. ती कराची करामत आहे. चार मीटरांहून लांब नसलेल्या व १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी लागू झाला, तर मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. त्याच्या पुष्कळ आधीपासून लहान गाडीला करात सवलत होती. कंपन्यांनी डिकीची शेपटी आखूड केली ती त्यासाठी.

सीएनजीचे काय? वहिनींनीच विचारले. आरंभी सुमारे लाखभर रुपये अधिक पडतात. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर चालणाऱ्यास ते तीनेक वर्षांत परत मिळतील. सहा हजारांवाल्यास सात वर्षे वाट पाहावी लागेल. शिवाय टाकी डिकीतील जागा खाते आणि दर तीन वर्षांनी तिची दाबचाचणी करून घ्यावी लागते. भाड्याने गाडी चालवणाऱ्यास किंवा रोज धारवाड गाठणाऱ्यास तो सौदा उत्तम. या घरास नव्हे.

वडिलांच्या डिझेलविषयी बोलणे अवघड होते, कारण आप्त मध्ये होता. एप्रिल २०२० मध्ये बीएस सहा हे प्रदूषणाचे नियम आले. त्यानंतर मारुतीने डिझेल सोडले आणि पुढे लहान सेडानांतून डिझेल नाहीसेच झाले. त्या नियमांनंतरच्या डिझेल गाडीत काजळी अडवणारी जाळी असते. इंजिन पुरेसे तापून काही काळ वेगाने चालले, तरच ती स्वच्छ होते. बाजारापर्यंतच्या दोन किलोमीटरांच्या फेऱ्यांनी ती तुंबते, आणि तिचा खर्च मोठा असतो. आप्ताची गाडी त्याहून जुनी होती, त्यामुळे जाळीची भीती नव्हती. पण डिझेलचा लाभ लांब पल्ल्याला, आणि आपला पल्ला दुर्गदबैलपर्यंत. वडील हसले, त्यांना सुटल्यासारखे झाले असावे.

राहिली विश्वासार्हता. ॲम्बॅसडर १९५७ पासून २०१४ पर्यंत निघत होती. तिला पेट्रोल पुष्कळ लागे आणि ती वाटेत थांबेही. तरी लोक तिला भरवशाची म्हणत, कारण कोणत्याही गावचा मिस्त्री तिला पुन्हा चालू करीत असे. आजच्या गाड्या क्वचित थांबतात, पण थांबल्या की संगणक लावल्यावाचून दोष सापडत नाही. म्हणून मी त्या घरास सांगितले की, आधी हुबळीतील दोन मिस्त्र्यांना भेटा, कोणत्या गाडीचे सुटे भाग त्याच दिवशी मिळतात ते विचारा, आणि मग दुकानात जा.

जुनी गाडी घ्यावयाची, तर ती सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. मी स्वतः एकदा दुपारी, विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवलेली गाडी घेतली आणि थंडीभर ती ढकलीत बसलो. सुरू करताच निळा धूर आला, तर ऑइल जळते आहे असे समजावे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. २०१९ व २०२१ साली कोल्हापूर-सांगलीकडे महापूर आले. पाण्यात उभी राहिलेली गाडी बाहेरून कितीही चकचकीत केली, तरी त्या पट्ट्याच्या आतल्या टोकाला गाळाचा डाग राहतो. टायरावरील चार अंक वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी महाराष्ट्र किंवा गोव्यातील असेल, तर तिकडचे ना-हरकत पत्र, म्हणजे २८ नंबरचा फॉर्म, हवाच; आणि कर्नाटकातील आयुष्यकर येथे भरावा लागतो. हा कर जड आहे. स्वस्त म्हणून सीमेपलीकडून आणलेली गाडी त्यामुळे कित्येकदा महाग पडते.

आणखी एक सूचना. आता पंपावर मिळते ते पेट्रोल २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या त्याला सोसतील अशा घडणीच्या आहेत. त्याआधीच्या गाडीचे रबरी नळ व वायसर तपासून घ्यावेत. जुन्या घडणीच्या चारचाकींत मायलेज ६ ते ७ टक्के घटू शकते, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले होते.

त्या घराने अखेर चार वर्षांची, एकाच मालकाने वापरलेली, केए ६३ क्रमांकाची पेट्रोल सेडान घेतली. सौद्याआधी आजीबाईंना तीन गाड्यांत बसवून पाहिले, कारण सेडानचे आसन खाली असते आणि गुडघ्यांचे दुःख ज्याचे त्यालाच कळते. जिच्यातून त्या कोणाचा हात न धरता उतरल्या, ती ठरली. एकराचा विषय पुन्हा निघाला नाही.

वही अजून चालू आहे. टाकी काठोकाठ भरावयाची, किलोमीटर लिहावयाचे, पुन्हा काठोकाठ भरताना लागलेल्या लिटरांनी भागावयाचे. खरे मायलेज काढण्याची याहून सोपी रीत नाही. नाताळानंतर मी गेलो, तेव्हा वहिनींनी शेवटचे पान पुढे केले. "कारवार, जाऊन-येऊन, माणसे पाच, लिटरला १६.८. घाटात थांबली नाही. आजी पुढे बसल्या."