महाकालाच्या वाटेवरचे सुखठणकर

उज्जैनला नानाखेड्याच्या बसस्थानकावर उतरलो की रिक्षावाले एकच विचारतात, "महाकाल?" यंदा मी पायीच निघालो.

आजचे महाकाल मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी उभारले. शेणवी माणूस! आपल्या गोव्यात हे आडनाव ऐकले की माणूस घरचाच वाटतो. रांगेतल्या मराठी भाविकांना विचारून पाहिले, एकालाही ठाऊक नव्हते. २०२२ साली झालेल्या 'महाकाल लोक'मध्ये मात्र सगळे फोटो काढण्यात दंग.

पुढे बाजाराच्या गर्दीत गोपाळ मंदिर. हे बायजाबाई शिंद्यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेले. चांदीची दारे, संगमरवरी काम. मला तर (महाकाल क्षमा करो) इथेच जास्त वेळ थांबावेसे वाटले.

पणजीत फोंतेनयाशच्या गल्ल्यांतून घराघराचा इतिहास सांगत फिरवणारे वाटाडे आहेत. शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला जाण्याआधी उज्जैनला होती, मग इथे मराठ्यांच्या वास्तूंची अशी पायी फेरी का असू नये? सरकारची वाट कशाला बघायची? यात्रेला नेणाऱ्या आपल्याच मंडळींनी अर्धा दिवस राखून ठेवला तरी पुरे. पुढच्या खेपेला आमच्या वाड्यावरच्यांना घेऊन येणार आहे. नानाखेड्यापासून चालवतच नेणार, कोणी कितीही कुरकुरले तरी.