नंबर दिला होता, पत्ता नाही

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी आकड्यांशी माझं कधीच जमलं नाही. आजी फोन नंबर सांगायला लागली की "एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी" असा जोडीजोडीने सांगते आणि मी दरवेळी बरोब्बर दहाने चुकते. (हा लेख मैत्रिणीने तपासून दिलाय, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका तिच्या!) आजीची एक निळी डायरी आहे. त्यात नाव काढलं की नंबर सापडतो. उलटं करायचं, म्हणजे नंबरवरून माणूस शोधायचा, तर अख्खी डायरी चाळावी लागेल. टेलिफोन डिरेक्टरीसुद्धा अशीच असायची म्हणे. नाव, पत्ता, नंबर, सगळं छापलेलं. "आम्हाला नाही कधी भीती वाटली. तुम्हालाच आत्ता प्रायव्हसी कशी लागते?" हा बाबांचा ठरलेला प्रश्न.

या प्रश्नाचं उत्तर मला गेल्या वर्षीच्या टेकफेस्टमध्ये मिळालं.

रोबोरेसचे आम्ही दोघं को-ऑर्डिनेटर, एक मी आणि एक वर्गमित्र. पोस्टरवर दोघांची नावं आणि मोबाईल नंबर. पोस्टर कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरलं देव जाणे. मित्राला दोन फोन आले, दोन्ही ट्रॅकची रुंदी विचारणारे. मला पहिल्याच रात्री "डीपी मस्त आहे" असा मेसेज आला. नंबर ब्लॉक केला. तिसऱ्या दिवशी तोच माणूस माझ्या फोटोंच्या अकाउंटवर हजर! त्या अकाउंटवर माझं नाव नाही, आडनाव नाही, फोटो आमच्या मांजरीचा. मग सापडले कशी? शाळेत असताना अकाउंट उघडलं तेव्हा नंबर टाकला होता, ओटीपीसाठी. त्याने माझा नंबर सेव्ह केला, अ‍ॅपला कॉन्टॅक्ट्स बघू दिले, आणि अ‍ॅपने प्रेमाने सुचवलं असणार, "तुम्ही यांना ओळखत असाल." दुसरा रस्ता मला तरी दिसत नाही.

एक सीनिअर म्हणाली, "अगं, पोस्टरवर नंबर दिलास तर फोन येणारच ना!" बरोबर. फोनच यायला हवा होता. मी नंबर रोबोरेससाठी दिला होता, मांजरीपर्यंत पोचण्यासाठी नाही.

तर बाबा, हे तुमचं उत्तर. तुमच्या डिरेक्टरीतला नंबर घराचा होता, माझा माझा आहे. आणि ती डिरेक्टरी एकाच बाजूने वाचता यायची. आता उलट्या बाजूनेही वाचता येते, आणि वाचणारा माणूसच असेल असंही नाही. आपण इंजिनीअर आहोत, गणित करू. आपल्याकडचा मोबाईल नंबर दहा आकडी, सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने. म्हणजे शक्यता फक्त ४०० कोटी. कंपन्या सांगतात की तुमचा नंबर आम्ही हॅश करून ठेवतो. पण ४०० कोटी नंबरांचे हॅश काढून जुळवायला चांगल्या ग्राफिक्स कार्डला किती वेळ लागेल? साधा हॅश असेल तर आपल्या कँटीनमध्ये चहा येईपर्यंत काम झालेलं असेल.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. फेसबुकच्या सर्चमध्ये पूर्वी थेट नंबर टाकून माणूस काढता यायचा. एप्रिल २०१८ मध्ये त्यांनी ते बंद केलं. तरी कॉन्टॅक्ट्स जुळवायची सोय वापरून लोकांनी माहिती गोळा केलीच, आणि २०२१ मध्ये ५३ कोटींहून जास्त लोकांचे नंबर नावांसकट इंटरनेटवर उघडे पडले. त्यावर आयर्लंडच्या नियामकाने नोव्हेंबर २०२२ मध्ये साडेसव्वीस कोटी युरोंचा दंड ठोकला. २०२५ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की व्हॉट्सअ‍ॅपला तासाला दहा कोटींहून जास्त नंबर विचारता येतात. असं विचारत विचारत ते ३५० कोटी अकाउंट्सपर्यंत पोचले! त्यांनी आधी कंपनीला कळवलं आणि मग ती वाट अडवली गेली. त्यांच्याआधी न कळवता कुणी विचारलं असेल तर?

आता स्वतःबद्दलही खरं सांगते. ताईसाठी, म्हणजे माझ्या मावसबहिणीसाठी, एक स्थळ आलं. बायोडाटावर मुलाचा नंबर होता. मी आणि रूममेटने तो सेव्ह केला आणि हेच सगळं केलं. त्याचं दुसरं अकाउंट सापडलं. तिथे नोकरी करणाऱ्या बायकांबद्दल त्याने जे लिहिलं होतं ते इथे छापता येणार नाही. ताईने नकार कळवला. मला त्याचा पश्चात्ताप होत नाही, आणि म्हणूनच हा लेख लिहिताना जरा अडखळायला होतं. त्यानेही नंबर स्थळासाठी दिला होता, दुसऱ्या अकाउंटसाठी नाही. मी आणि तो "डीपी मस्त"वाला, आम्ही दोघांनी बटण एकच दाबलं. कायद्यालाही यातला फरक कळायचा नाही. २०२३ चा आपला डेटा संरक्षणाचा कायदा माणसाच्या खासगी, घरगुती वापराला लागूच होत नाही.

ताईच्या बायोडाटावर मात्र नंबर मावसकाकांचा. मुलींच्या बायोडाटावर बहुतेक वेळा वडिलांचाच असतो. पूर्वी मला हे अगदी मागासलेलं वाटायचं. गेल्या वर्षीपासून वाटत नाही, आणि वाटत नाही याचाच राग येतो. माझा नंबर मी लपवायचा आणि अ‍ॅपने मात्र विचारल्याशिवाय दाखवायचा?

सेटिंग असतं, मान्य. टेलिग्रामवर "नंबरवरून मला कोण शोधू शकेल" हे बदलता येतं, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फक्त कॉन्टॅक्ट्सना दाखवता येतो, सिग्नलने २०२४ पासून नंबर न देता युजरनेमवर बोलायची सोय केली आहे. पण हे शोधून शोधून आपण बंद करायचं. मुळात बंद असावं आणि ज्याला सापडायचं असेल त्याने उघडावं, एवढं उलट करायला कोडच्या किती ओळी लागतात? आणि मी सगळं बंद केलं तरी ज्या दोनशे जणांच्या फोनमध्ये माझा नंबर आहे, ते आपली अख्खी यादी अ‍ॅपच्या हवाली करतातच. आमच्या बाबांचंच बघा, त्यांनी एकदा फ्लॅट भाड्याने दिला होता. कॉलर ओळखणाऱ्या एका अ‍ॅपवर ते आजतागायत "टू बीएचके काका" आहेत.

यंदाच्या फेस्टच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं, पोस्टरवर कुणाचाच स्वतःचा नंबर नको. एक वेगळं सिम घेऊ, जुना साधा फोन घेऊ, पाळीपाळीने सांभाळू. खजिनदार म्हणाला, "एवढ्याशासाठी खर्च?" बराच वाद झाला. शेवटी आजीचा बटणांचा फोन मी घरून आणला आणि सिमचे पैसे सगळ्या को-ऑर्डिनेटर्सनी वर्गणी काढून भरले. पोस्टर आजच लागलंय. नंबर त्यावर आहे, ट्रॅकची रुंदी खुशाल विचारा. मंगळवारी फोन माझ्याकडे असतो.